हिरवी आणि बारा निळे मासे

खाऱ्या पाण्याच्या टाकीत हिरवी चांदणी आणि बारके मासे एकत्र ठेवू नयेत. तीस वर्षं धंदा करून मला पक्कं कळलेलं एवढंच, ते पहिल्या ओळीत देऊन टाकलं. ज्याला घाई असेल त्यानं इथूनच पान उलटावं.

आणि हे माहीत असून मी माझ्याच घरात दहा-अकरा महिने ती दोन्ही एकत्र ठेवली. का ठेवली ते मला ठाऊक आहे. त्यानं माझ्या बायकोचं बरं झालं का वाईट झालं, ते मात्र अजून कळलेलं नाही. अंकवाले म्हणाले, आबा, धंद्यातले गमतीचे अनुभव लिहा. गमतीचे पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की पेन त्या टाकीपाशीच जातं, त्याला मी काय करू?

मी चौथी शिकलेला. मूळचा काचकामाचा माणूस. शिरूरच्या पेठेत खिडक्यांच्या काचा कापायचो. एकानं माशांची टाकी बनवून मागितली. ती गळली नाही, म्हणून दुसऱ्यानं मागितली. मग टाकी घेणारे म्हणायला लागले, मासे पण तुम्हीच आणा, पाणी पण तुम्हीच बदला. असा मी मासेवाला झालो. घरात सात पिढ्या कुणी मासा खाल्ला नव्हता, तिथं मी मासे पोसायला लागलो.

गोड्या पाण्यातला मासा शेळीसारखा असतो. काहीही खातो, कुठंही जगतो. खाऱ्या पाण्यातला म्हणजे बाळंतीण. जरा वारं लागलं तरी बिघडतो. रंग मात्र असे की एकदा बघितलं की माणूस गोड्या पाण्याकडं वळत नाही. आपल्याकडनं समुद्र कुठल्या कुठं. तो पुड्यातनं आणायचा, गाळलेल्या पाण्यात कालवायचा आणि खारटपणा यंत्रावर मोजायचा. उन्हाळ्यात शिरूरला अंग भाजतं, तवा टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडायच्या. आणि एक गोष्ट सगळे चुकतात. पाणी उडून कमी झालं की नवीन माणूस वरनं खारं पाणी ओततो. अरे, पाणी उडतं, मीठ उडत नाही. गोडं ओतायचं असतं. हे न कळल्यामुळं किती टाक्या मेल्या असतील, गणती नाही.

गिऱ्हाइकं पण एकेक. दौंडला एक कांद्याचे व्यापारी होते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की घरातला मासा मेला, म्हणजे घरावर येणारं संकट तो आपल्या अंगावर घेऊन गेला. असं मानणारी घरं आपल्याकडं खूप आहेत. पण ह्या शेठला मासा मेला की आनंदच व्हायचा. फोन यायचा.

"आबा, एक गेला बरं का!"

"कसा गेला?"

"कसा का जाईना! काल आमचा टेम्पो पलटी होता होता वाचला. त्यानंच घेतलं ते. उद्या त्याच्या जागी दुसरा आणून सोडा."

मी जाऊन बघायचो तर पाण्यावर चिवडा तरंगत असायचा. घरात कार्य होतं, येईल तो पाहुणा टाकीत मूठ मूठ टाकत होता. मासा मेला चिवड्यानं. पण शेठला हे सांगून उपयोग नव्हता. घरी येऊन मी हौसाला सांगायचो आणि आम्ही दोघं हसायचो. हौसा म्हणजे माझी बायको. ती हसायची, पण हसून झाल्यावर म्हणायची, "तरी बी, काय सांगावं."

आता हिरवीचं सांगतो. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या दारातच मोठी खारी टाकी होती, माझ्याकडं सांभाळायला. तिथले साहेब बाहेरच्या राज्यातले. त्यांनी पुण्याच्या दुकानातनं एक जीव आणला. मधी रुपयाएवढी चकती आणि तिला पाच लांब हात, सापाच्या शेपटासारखे, कडेला काटे. रंग शेवाळी हिरवा. दुकानवाल्यानं सांगितलं, ही ब्रिटल स्टार, खाली पडलेलं उष्टं खाते, टाकी साफ ठेवते. स्टार म्हणजे चांदणी आणि ब्रिटल म्हणजे ठिसूळ, हे मला पुढं कळलं. हाताला धरून ओढली तर हात तुटून आपल्याकडं राहतो आणि ती निघून जाते. तो हात पुन्हा उगवतो.

दोन महिन्यात बारके मासे कमी व्हायला लागले. मेलेला दिसत नाही, काटा दिसत नाही, जाळीत अडकलेला नाही. नुसता सकाळी एक कमी. साहेब माझ्याकडं बघायचे.

"चाचा, मछली जाती कहाँ है?"

"साहेब, मी खात नाही. माळकरी आहे."

ते हसले, पण माझा जीव जळाला. एका रविवारी दुपारी कंपनी बंद होती. दिवे बंद, दारं-पडदे लावलेले, आत अंधारल्यासारखं होतं. मी मुद्दाम गेलो आणि टाकीसमोर स्टूल टाकून बसलो. तासाभरानं हिरवी दगडाखालनं निघाली. पाची हातांच्या टोकांवर उभी राहिली आणि अंग वर उचललं. खाली लहानसा मांडव झाला. एक बारका मासा आडोसा बघत आला आणि त्या मांडवात शिरला. स्थिर झाला. हिरवी हलली नाही. मग एकदम धुणं पिळावं तशी गर्रकन फिरून खाली बसली. हातांचा पिळा झाला, मासा त्याच्या आत. सगळं एवढ्यात झालं की माझी पापणी लवली असती तर दिसलं नसतं.

मला खरं सांगायचं तर रागापेक्षा नवल वाटलं. पाठलाग नाही, दात नाही. सावली धरते आणि वाट बघते. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, फेंक दो. तीस वर्षांत मी जिता जीव कधी फेकला नाही. बादलीत घालून घरी आणली. घरी माझी एक तीन फुटी टाकी होती, उरल्यासुरल्या काचांची. तीत दगड होते, मासा एक पण नव्हता. तिच्यात सोडली. हौसानं बघितलं आणि म्हणाली, "अगं बया, ही तर हिरवा चुडा भरून आलीय." तवापासनं ती हिरवी.

त्याच सालात हौसाची मूत्रपिंडं गेली. डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातनं दोनदा दौंडला. माझी जुनी ओमनी होती, तीतनं मी न्यायचो. भाजीत मीठ बंद, पाणी मोजून. घरात टाकीच्या मिठाच्या पुड्यांची चळत आणि तिच्या ताटात चिमूटभर मीठ नाही. ती एकदा त्या चळतीवर हात ठेवून म्हणाली, "आपल्या घरात समुद्र हाय, आन् मला आळणी."  मी खिळे शोधायला बाहेर गेलो. खिळ्यांचं काहीच काम नव्हतं.

तिला दिवसभर बसून बघायला काहीतरी असावं म्हणून मी बारा निळे मासे आणले. बोटाच्या पेराएवढे, पण निळा असा की खोलीत उजेड पडल्यासारखा. हिरवी त्याच टाकीत आहे हे मी विसरलो नव्हतो. तिला दुसरी टाकी करायची, उद्या करू, परवा करू, असं चाललं होतं. चौथ्या दिवशी सकाळी हौसानं मोजले.

"अहो, अकराच हायत."

मला कळलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दौंडहून फोन आला की नवीन रिपोर्ट आधीच्यापेक्षा बरा आहे. हौसानं फोन ऐकला, टाकीकडं बघितलं आणि म्हणाली, "त्यो गेला, माझं टळलं." आणि ती हसली. आजारपण सुरू झाल्यापासनं पहिल्यांदा.

मी तोंड मिटलं. दुसरी टाकी काही केली नाही.

पुढच्या तीन महिन्यांत आणखी तीन गेले. दर वेळी ती म्हणायची, माझं टळलं. त्या दिवशी ती चार घास जास्त खायची. मी कांद्याच्या शेठला हसणारा माणूस, मीच आता सकाळी उठून मनात म्हणायचो, एक जाऊ दे. माझ्या हातानं आणलेले जीव, आणि मी हे म्हणायचो.

मग जायचे थांबले. आठच्या आठ. हौसाची तब्येत उतरणीला लागली होती, आणि ती सकाळी टाकीपुढं बसून मोजायची, दोन-दोनदा मोजायची. तोंड उतरलेलं. मला वाटलं, एक पण जात नाही म्हणून हिचा धीर सुटलाय. हिरवी का खात नाही हे माझ्या ध्यानात येईना. म्हणलं म्हातारी झाली असेल.

मग मी तो उद्योग केला. हौसा आंघोळीला गेली की एक निळा जाळीत धरायचा, पिशवीत खारं पाणी घालून शर्टाखाली लपवायचा आणि ओमनीत ठेवायचा. टाकून कसा देणार? दौंडच्या रस्त्यावर न्हावऱ्याच्या अलीकडं बबनशेठचं हॉटेल आहे. गल्ल्यापाशी खारी टाकी, माझ्याच हातची. त्यात निळा मासा नव्हता. तिथं नेऊन सोडायचो. बबनशेठला एवढंच सांगितलं होतं की घरात जास्त झालेत. असे मी चार-पाच महिन्यांत पाच नेले. पाची वेळा हौसा म्हणाली, "गेला. माझं टळलं." मी म्हणायचो, "व्हय."

एकदा दौंडहून परत येताना ती म्हणाली, "अहो, बबनशेठकडं आपण आता थांबत न्हाई का? पयल्यांदा थांबायचो."

"त्याचा चहा बिघडलाय."

"टाकी तर तुमीच धुता की त्याची."

"टाकी बरी हाय, चहा बिघडलाय."

ती खिडकीतनं बाहेर बघत राहिली. मला वाटलं, वेळ निभावली.

मग ती सकाळ. डायलिसिसचा दिवस होता, आणि पहाटेच कंपनीतनं फोन आला की पंप बंद पडलाय, मासे वर येऊन तोंड उघडतायत. मला रांजणगावला जावं लागणार होतं. आमची सून वैशाली म्हणाली, "मामा, तुमी जावा. मी भाड्याची गाडी करून नेते आत्याबाईंना." मी पायात चपला घालत होतो, तेवढ्यात हौसानं टाकीपाशी हाक मारली.

"अहो, आजबी एक गेला."

मी येऊन मोजलं. दोन. काल तीन होते. आणि मी धरलेला नव्हता.

 सहा-सात महिने हिरवीनं काही धरलं नव्हतं. आणि आज, मी हात न लावता, आपोआप. मी खरं सांगतो, त्या वेळी मला वाटलं, हे खरंच असेल. शेठ म्हणतो ते खरं असेल. हे आत्ता गेलं ते खरंखुरं टळलं. मी हौसाकडं बघून हसलो. खोटं नाही, आतनं हसलो. ती पण माझ्याकडंच बघत होती.

पंप दुरुस्त करून येताना मी शिरूरच्या चौकातनं पेढे घेतले. ती संध्याकाळी दौंडहून आली, चेहरा पांढरा पडलेला. मी पुडा पुढं केला. पथ्यात बसत नव्हतं. तरी तिनं अर्धा मोडून तोंडात घातला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

एकोणीस दिवसांनी ती गेली. ते मी लिहीत नाही.

दहा-बारा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. टाकीकडं कुणी बघितलं नाही. लोक गेल्यावर बघतो तर निळा एक पण नाही. दोन्ही गेले होते. काही टळलं असं म्हणणारं पण घरात कुणी राहिलं नव्हतं. मी हिरवीला शिव्या घातल्या. मोठ्यानं. वैशाली स्वयंपाकघरातनं आली.

"मामा, तिला कशाला बोलता? ती उपाशी हाय. कोळंबी कोण घालतंय तिला आता?"

"कसली कोळंबी?"

तवा कळलं. पहिले चार गेल्यावर हौसानं वैशालीकडनं बाजारातनं कोळंबी मागवायला सुरुवात केली होती. माळकऱ्याच्या घरात, फडक्यात गुंडाळून, फ्रीजमध्ये बर्फाच्या मागं. मी गाडी पुसायला अंगणात गेलो की ती चिमट्यानं एक तुकडा हिरवीच्या हातात द्यायची. रोज. वैशालीनं विचारलं तवा म्हणाली, "हिचं पोट भरलं म्हंजी ती त्यांना धरायची न्हाई. माझ्यापायी त्यांचा जीव कशाला?"

 म्हणजे ती दोन-दोनदा मोजायची, ते एक तरी जावा म्हणून नव्हे. सगळे आहेत ना, म्हणून. आणि मी तिचं तोंड उतरलेलं बघून एकेक चोरून नेत होतो. हिरवीचं पोट भरलेलं आहे हे तिला पक्कं माहीत, आणि तरी मासा कमी. तिला काय वाटलं असेल? देव तिचं ऐकत नाही असं? का तिच्या नावानं खरंच एकेक जातोय असं? मी वैशालीला विचारलं. ती म्हणाली, मला न्हाई बोलल्या काही. आणि डोळ्याला पदर लावून आत गेली.

पुढच्या महिन्यात बबनशेठची टाकी धुवायला गेलो. जायचं मनात नव्हतं. पण टाकीला दुखवटा कळत नाही, पाणी बदलावंच लागतं. पाणी काढता काढता सवयीनं निळे मोजले. सहा. पुन्हा मोजले. सहा. दगडाच्या मागं वाकून बघून मोजले.

"बबनशेठ, हे निळे किती आणले मी?"

"तुमीच आणले, तुमालाच ठाऊक."

"मी पाच आणले. हे सहा हायत. पिल्लं व्हत न्हाईत ह्यांची टाकीत."

बबनशेठनं गल्ल्याचं ड्रॉवर उगीच उघडलं आणि बंद केलं. मग म्हणाले, "आबा, बसा. वहिनींनी सांगू नका म्हणलं व्हतं. पण आता त्याच न्हाईत, तर मी कुणासाठी दाबून ठिवू?"

आणि त्यांनी सांगितलं. एका सकाळी भाड्याची गाडी थांबली. हौसा उतरली, वैशालीच्या खांद्यावर हात. हातात स्टीलचा डबा, तो दुसऱ्या कुणाला धरू देईना. डब्यात निळा मासा. टाकीपुढं उभी राहून आधीचे पाच मोजले आणि म्हणाली, "सगळं हितं हायत व्हय!" मग हातानंच सहावा सोडला. खुर्चीवर बसली, चहा नको म्हणाली, थोडा वेळ बघत बसली. जाताना बबनशेठला म्हणाली, "ह्यांना काय सांगू नका. आजच्या दिवस तर न्हाईच."

आजच्या दिवस तर नाहीच.

घरी येऊन मी वैशालीला धरलं. तिनं सगळं कबूल केलं. आत्याबाईंनी शपथ घातली होती. जाळी ओली दिसायची, बबनशेठकडं मी थांबत नव्हतो, यावरनं हौसानं कवाच ओळखलं होतं. मासा कसा धरला, विचारलं. मला जाळीनं एक धरायला पाऊण तास लागतो, दगड हलवावे लागतात. वैशाली म्हणाली, "चहाच्या गाळणीनं. त्यो त्यांच्या हाताशी येतच व्हता. नळी टोचायचा हात पाण्यात घालायचा न्हाई, म्हणून दुसऱ्या हातानं."

"पण का? का धरला?"

"म्हणाल्या, ह्या खेपेला ते चोरायचं इसरल्यात. आन् रिपोर्ट लई वाईट आलाय, ते मी त्यांना सांगितलेलं न्हाई."

रिपोर्ट त्या सकाळच्या आदल्या दिवशी तिच्याच फोनवर आला होता. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं.

तवापासनं माझ्या डोक्यात नुसता गुंता आहे. मासा वाचवायला नेला का? तर दोन मागं का ठेवले? बबनशेठकडं बाकीचे आहेत का हे बघायला गेली का? असेल. 'मला सगळं कळलंय' असं ती तोंडावर का बोलली नाही? "अहो, पुरे करा" एवढं म्हणली असती तर दोघं मिळून हसलो असतो, शेठला हसायचो तसं. का तिला वाटलं, म्हातारा एवढ्या मेहनतीनं खोटं बोलतोय, ते मोडू नये? मी तिला फसवत होतो असं मी धरून चाललो होतो. नक्की कोण कुणाला फसवत होतं, कधीपासनं, ते मला मांडता येत नाही. मी लोकांना पण विचारतो. कुणी म्हणतं, आबा, सोडून द्या. काय सोडून द्या? माझ्या हातात आहेच काय सोडायला.

हिरवी अजून आहे. पोरगा म्हणतो, कुणाला तरी देऊन टाका. दिलेली नाही. तिच्या टाकीत मासा सोडत नाही. कोळंबी मीच आणतो, बाजारातनं, उघड्या पिशवीत, माळ गळ्यात असताना. कोळंबीवाली पहिल्यांदा बघतच राहिली. म्हणलं, बघ खुशाल.

धंदा मी आता सोडला. फक्त बबनशेठची टाकी धरून ठेवली आहे. तिथं सहा निळे आहेत, त्यातला तिनं आणलेला कुठला हे ओळखायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सगळे सारखे दिसतात.

एक गोष्ट तेवढी मला पक्की ठाऊक आहे. बाकी सगळ्यात गोंधळ आहे, ह्यात नाही. त्या सकाळी मी चपला घालून टाकीपाशी उभा होतो आणि खरंखुरं हसत होतो, आणि हौसा माशांकडं बघत नव्हती. डबा तिनं आधीच भरून ठेवला होता. ती माझं हसणं बघत होती.